फोटोतून कापलेला बाप

निघण्याआधी

गोंदियाकडे जाऊन आले म्हटलं की आमच्या कराडात पहिला प्रश्न येतो, "वाघ दिसला का?" नागझिऱ्याचं जंगल तिथून जवळ, त्यामुळे विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. मला वाघ दिसला नाही. भाताच्या शेतात सारस पक्ष्यांची जोडी दिसते म्हणतात, तीही दिसली नाही. मी काही बघायला गेलेच नव्हते. बारा वर्षांपूर्वी त्या भागातल्या एका बाईवर मी नको तो आळ घेतला होता, आणि तो साफ खोटा होता हे मला गेल्या दिवाळीनंतर कळलं. तो मागे घ्यायला गेले होते.

मी आहाराचं काम करणारी बाई. नोकरीची शेवटची वीस वर्षं एका संस्थेत गेली. गावोगाव जायचं, मुलांची वजनं-उंची घ्यायची आणि आयांना शहाणपण शिकवायचं. शिकवायची मला भारी हौस. घरातले म्हणायचे, हिला देवळात नेलं तर ही देवालाही नैवेद्य बदलायला सांगेल. त्या फिरतीत बोदलकशाच्या तलावाजवळच्या एका गावात मी तीन दिवस होते. तिथे हिरालाल आणि सुरतनबाई या पोवार शेतकरी जोडप्याची पाच मुलं होती. दोन मुलगे सरळ, उंचेपुरे. तीन मुली बुटक्या, आणि पाय असे बाहेर वाकलेले की दोन गुडघ्यांमधून पाण्याचा तांब्या पार जावा.

दुपारी ऐन जेवणाच्या वेळी मी त्यांच्या घरी गेले. मुलग्यांपुढे भात, वरण, उडदाचे वडे. तिन्ही मुलींपुढे नुसती वाटीभर पेज. झालं, मला सगळं समजलं! मुलींना उपाशी ठेवतात, म्हणून त्यांना मुडदूस झालाय, म्हणून हाडं मऊ पडून वाकलीत. मी फोटो काढला, मुलींसाठी कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करून दिल्या. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बायकांची सभा होती, तिथे मी कडाडले. "एका घरात दोन ताटं! पोटच्या पोरींच्या तोंडचा घास काढून पोरांना भरवणारी आई या गावात आहे." मी नाव घेतलं नव्हतं, असं पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. पण वाकड्या पायांच्या तीन मुली गावात एकाच घरी होत्या. नाव घ्यायला उरलं काय होतं?

तो फोटो मी बारा वर्षं प्रशिक्षणांतून पडद्यावर दाखवला. वर ठळक अक्षरांत 'एका घरात दोन ताटं'. लोक हळहळायचे, काही बायका डोळे पुसायच्या, आणि मला बरं वाटायचं. गेल्या दिवाळीनंतर पुण्यातल्या एका कार्यक्रमात लहान मुलांच्या हाडांच्या एक डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "या मुलींच्या वडिलांचा फोटो आहे का हो तुमच्याकडे?"

होता. घरी येऊन मूळ फोटो शोधला. उजव्या कडेला हिरालाल उभा होता. ठेंगणा, आणि गुडघ्यापर्यंत खोचलेल्या धोतराखाली पाय वाकडे. चित्र आटोपशीर दिसावं म्हणून मी त्याला कापून टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मग फोनवर समजावलं. मुडदुसाचा एक दुर्मीळ प्रकार जन्मजात असतो, पिढीतून येतो. शरीर फॉस्फरस धरून ठेवत नाही, लघवीवाटे सोडून देतं. हाडं कडक होत नाहीत आणि मूल चालायला लागलं की अंगाच्या भाराने पाय वाकतात. दूध, अंडी, ऊन, नेहमीच्या कॅल्शियमच्या गोळ्या, कशाचाही उपयोग होत नाही. हा दोष बापात असेल तर त्याच्या प्रत्येक मुलीत उतरतो आणि मुलग्यांत एकाही नाही. आईत असेल तर मात्र मुलगा असो की मुलगी, कोणालाही येऊ शकतो. औषध वेगळं आहे. ते पाय वाकू लागताच सुरू केलं तर पाय बरेचसे सरळ होतात. वाढीचं वय निघून गेलं की मग फारसं काही हाती राहत नाही.

"आणि दातांच्या मुळाशी गळवं होतात," त्या म्हणाल्या, "कीड नसताना. मुलांना चावताच येत नाही."

म्हणून पेज. त्या दुपारी मी ती पेज पाहिली, तिचा फोटो काढला, पण पेज कशासाठी एवढं विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासणीसाठी चिठ्ठी लिहून दिली आणि ती घेऊन मी निघाले.

तिरोडा

प्रवास सांगण्यासारखा नाही. एवढंच सांगते की तिरोड्याला उतरायचं होतं आणि नेमकी त्याआधी मला डुलकी लागली. जागी झाले ती थेट गोंदियाला. फलाटावर एका माणसाला अस्सल सातारी मराठीत विचारलं, "तिरोड्याची गाडी कुठं लागते?" त्याने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "तिरोडा तो पीछे छूट गया, माँजी. बाहर जाव, लाल बस मिलेंगी." माझ्याच राज्यात मी परदेशी झाले. बसस्थानकाबाहेर तर्री घातलेले पोहे खाल्ले. नाकातोंडातून पाणी आलं, पण झोप पार उडाली.

तिरोड्यात शिरताना आधी वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. आमच्याकडे लांबून चिमणी दिसली की साखर कारखाना आला म्हणायचं. इथे चिमणीखाली वीज शिजते आणि चहूकडे धान पिकतं. मी गेले तेव्हा डिसेंबर होता, धान कापून झालं होतं. खाचराला इथे बांधी म्हणतात. त्या बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या खुंटांतून लाखोळी या कडधान्याची कोवळी हिरवळ वर आली होती. लॉजवर संध्याकाळी भाकरी मिळेल का विचारलं, तर मालक काळजीने म्हणाला, "भाकर कायले, मॅडम? तब्येत ठीक नाही का?" भात पुढे आला. सकाळी त्याच तांदळाचे चिले, म्हणजे धिरडी, आली. पुढचे पाच दिवस मी तांदूळच खाल्ला, आणि खरं सांगायचं तर तक्रार करण्याची माझी लायकीही नव्हती.

बोदलकसा

दुसऱ्या दिवशी ऑटो करून गावाकडे निघाले. वाटेत बोदलकशाचा तलाव लागतो. भोवती टेकड्या, जंगल, आणि पाण्यावर लांबून आलेल्या बदकांचे थवे. डोंग्यातून जाळं टाकणारे दोघे जण दिसले. ऑटोवाल्याने आपणहून गाडी थांबवली. "फोटो काढा ना जी, सारेच काढतेत." मी मोबाईल पिशवीतून काढलाच नाही. मागच्या वेळी मी इथे भरपूर फोटो काढले होते.

सुरतनबाई अंगणात सुपाने धान पाखडत होत्या. केस पांढरे झालेले, अंगाने निम्म्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. आत गेल्या आणि पाण्याचा लोटा आणून माझ्यापुढे ठेवला. आमच्याकडे पाहुण्याला तांब्याभांडं देतात ते प्यायला. इथे आधी पाय धुवायला पाणी देतात. मागच्या वेळी त्यांनी स्वतः माझ्या पायांवर पाणी ओतलं होतं, आठवलं. या वेळी लोटा ठेवून त्या परत सुपाकडे वळल्या. वैरी दारात आला तरी पाणी चुकवायचं नाही, म्हणून दिलेलं पाणी ओळखू येतं.

"आता काऊन आल्या, मॅडम?" त्या सुपातून नजर न काढता म्हणाल्या. "पोट्ट्या तं मोठ्या झाल्या. आता कोनाचा घास मोजाले आल्या?"

मी माफीचं वाक्य कराडपासून घोकत आले होते. पण माझी खोड जाते थोडीच! तोंड उघडलं आणि सुरू झाली ती शिकवणीच. पिशवीतून कागद काढला, आकृती काढली, बाप, आई, मुली, मुलगे, कोणाकडून कोणाकडे काय जातं...

"कागद ठेवा जी," सुरतनबाई म्हणाल्या. "मांगंबी तुमी कागदच घेऊन आल्या होत्या."

मी कागद ठेवला. मग त्यांनी सूप बाजूला केलं आणि एका दमात सांगितलं.

"त्या दिवशी सभेतून घरी आली, तं सासूनं माह्या हातातला चाटू घेऊन घेतला. म्हने, तू रांध, वाढाचं मी पाहीन. नऊ वरसं, मॅडम. नऊ वरसं मी माह्या लेकरायच्या ताटात माह्या हातानं भात वाढला नाही. सासू मेली तवा चाटू हातात आला. तवरी थोरली लगनाले आली होती."

चाटू म्हणजे भात वाढायचा लाकडी डाव. मी तो शब्द तेव्हाच पहिल्यांदा नीट ऐकला.

"पोट्ट्यायच्या हिरडीतून पू येऊन रायला होता," त्या म्हणाल्या. "भाताचं शीत चाबता येत नव्हतं. म्हनून पेज. तुमी एक डाव इचारलं असतं, पेज कायले देऊन रायली, तं सांगतलं असतं ना मी."

मी त्या घरात काय काय विचारलं होतं! जमीन किती, गाई किती, दूध डेअरीला किती जातं, संडास आहे का. पानभर प्रश्न होते आणि त्यांच्यात 'का' कुठेच नव्हता. मी म्हणाले, "चुकले मी, सुरतनबाई." ऐकायला ते फारच लहान वाटलं. त्यांनाही वाटलं असणार, कारण त्यांनी सूप पुन्हा ओढून घेतलं.

एवढ्यात हिरालालभाऊ शेतावरून आले. आता काठी टेकत डुलत चालतात. जेवायला बसले तर त्यांच्याही पुढे पेज आली. तोंडात दात चारदोनच. मी पायांबद्दल विचारलं तर सवयीने म्हणाले, "लहानपनी बंडीवरून पडलो होतो जी. चाक पायावरून गेलं." घरातल्या सगळ्यांनी आयुष्यभर हीच बैलबंडीची गोष्ट ऐकली होती. त्यामुळे बापाचे पाय वेगळे आणि मुलींचे वेगळे, अशीच सगळ्यांची समजूत. मी या वेळी आकृती न काढता सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी वाटी खाली ठेवली.

"म्हंजे हे माह्यापासून हाये?"

"हो. पण यात तुमचा दोष नाही, भाऊ. कोणाचाच नाही."

"कोनाचाच नाही," सुरतनबाई एकदम उसळल्या. "आंदी मले म्हनलं. आता याहीले म्हनून रायल्या. मंग ललिताले म्हनसान. तिचा पोट्टा दीड वर्साचा झाला, मॅडम. चालाले लागला, तं त्याचेबी पाय तसेच होऊन रायले. हे रगताचं हाये म्हनून तिच्या सासरी कळलं, तं तिले कोन ठेवन? जा तुमी. तुमच्या पाया पडतो, जा."

ललिता म्हणजे त्यांची थोरली मुलगी. फोटोत पेजेच्या वाटीसमोर बसलेली दहा वर्षांची पोर. तिला मूल आहे हे मला माहीतच नव्हतं. दीड वर्षाचं मूल, म्हणजे औषधाचं नेमकं वय. बारा वर्षांपूर्वी ललिताची धाकटी बहीणही साधारण तेवढीच होती. चिठ्ठी माझ्या पिशवीत तशीच घेऊन मी परतले.

चोरखमारा

मी परतीचं तिकीट काढायचं ठरवलं होतं. पण सकाळी लॉजच्या पायरीवर हिरालालभाऊ बसलेले. पहाटेच्या बसने आले होते. "चला," म्हणाले, "ललिताकडं जाऊ." सुरतनबाईंना विचारलं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बारा वरसं ते बोल खाऊन रायली आनि मी चुपचाप बसलो. आता कायले इचारू?"

ललिताचं सासर चोरखमाऱ्याच्या तलावाखाली. तलावाच्या पाण्यावर दुसरं पीक घेणारी गावं, त्यामुळे थंडीतही कालव्याकडेला बांध्या ओल्या आणि रोपांच्या वाफ्यांची तयारी सुरू. ऑटोत हिरालालभाऊ एकच वाक्य बोलले. "बंडीवरून मी पडलो होतो, ते खरं हाये जी. पन पाय त्याच्या आंदीच वाकडे होते."

ललिता दारात आली. उंचीने माझ्या खांद्यालाही लागत नाही, चालताना दोन्ही बाजूंना झोकांड्या जातात, आणि चेहरा हसरा. "तुमीच ना त्या मॅडम? तुमच्या गोळ्या मी पाच वरसं खाल्ल्या. खडूवानी लागत होत्या." तिने मला हसत हसत सांगितलं. मी हसू शकले नाही.

तिच्या मागून कान्हा आला. गोरागोमटा, गुटगुटीत, कमरेला काळा दोरा. दोन पावलं टाकायचा, धपकन बसायचा, परत उठायचा. पोटऱ्या बाहेर वळायला लागल्या होत्या. त्याला उचलून ललिताच्या सासूबाईंनी माझ्यापुढे आणलं. त्यांना वाटलं मी कोणी दवाखान्यातली आहे.

"पाहा ना, मॅडम," त्या म्हणाल्या. "दूध, तूप, अंडे, सारं देऊन रायलो. पोट्टा हाये, लाडाचा हाये, कोन कमी करन? तरी पाय काऊन असे?"

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. मुलगा आणि ताटात कशाची कमी नाही, तरीही तेच पाय. त्या बाईंनी एका प्रश्नात माझी बारा वर्षांची भाषणं निकालात काढली आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

ललिताला मी परसात बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिच्या बाबतीत फार उशीर झालाय, हेही सांगितलं. तिने पदराशी चाळा करत ऐकलं. सासूबाईंना काय सांगायचं ते तुझं तू ठरव, असं मी म्हणाले. तिने तिथूनच हाक मारली. "आई, इकडं या जी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लपवून काय करू? पाय तं लपत नाही."

सासूबाईंनी उभ्याउभ्या ऐकलं. सुरतनबाईंचं 'तिले कोन ठेवन' कानात घुमत होतं. सासूबाई नातवाच्या पोटरीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सोयरीक केली तवा पाय पाहूनच केली होती जी. मी का आंधळी होती? औषध हाये का नाही, तेवढं सांगा."

"आहे," मी म्हणाले. "आधी गोंदियाला रक्त तपासायचं. औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागेल. पण आता सुरू केलं तर त्याचे पाय बरेच सुधारतील."

"मंग उद्याच जाऊ."

"जाऊ," ललिता म्हणाली, "पन माही आई आल्याबिगर नाही. आनि मॅडम, ते अशी येनार नाही. तुमी तिले घरात बोलून काय होते? तवा जितं बोलल्या, तितंच बोला."

शाळेचा व्हरांडा

शाळेला नवा रंग दिलाय, व्हरांड्यात फरशी बसवलीय. लोखंडी खांब मात्र तेच. बायकांना निरोप माहेरी येऊन ललितानेच दिला. वीसेक आल्या. मागच्या वेळी साठ तरी होत्या. आलेल्यांतल्या निम्म्या अलीकडे लग्न होऊन आलेल्या सुना, त्यांना काय चाललंय याचा गंधही नव्हता. सुरतनबाई लेकीच्या आग्रहाखातर आल्या आणि अगदी शेवटच्या खांबाला टेकून बसल्या.

मी आयुष्यात शेकडो सभांत बोलले. त्या दिवशी कागद पिशवीतच ठेवला. मी म्हणाले, बारा वर्षांपूर्वी याच जागी उभी राहून मी खोटं बोलले. सुरतनबाईंनी मुलींचा घास काढला नव्हता. मुलींना चावता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मऊ पेज केली होती. पाय वाकले ते आजाराने, आणि तो आजार मला माहीत नव्हता. माहीत नसताना मी बोलले. या वेळी मी नाव घेतलं, तीनदा घेतलं.

मग एक म्हातारी म्हणाली, "मंग हे सांगाले बारा वरसं कायले लागले?"

मला कळलं नव्हतं, हे खरं. पण परत येऊन त्या मुलींचं काय झालं ते बघावं, असंही मला कधी वाटलं नव्हतं. फोटो होता ना हाताशी. तेच मी तिथे सांगितलं.

तेवढ्यात व्हरांड्याच्या कडेला हिरालालभाऊ उभे राहिले. बायकांच्या सभेत पुरुषाने यायची रीत नाही. त्यांनी काठी खांबाला टेकवली आणि धोतर गुडघ्यांपर्यंत वर धरलं. "हे पाहा," म्हणाले. "पोट्ट्यायचे पाय हे हायेत. माह्या घरवालीच्या हाताचा दोष नाही." एवढंच बोलून ते काठी घेऊन निघून गेले. एक नवी सून तोंडाला पदर लावून हसली, आणि शेजारणीने तिला चिमटा काढला.

बायका उठल्या. सुरतनबाई खांबापाशीच बसून होत्या. मी जवळ गेले. त्यांचे डोळे कोरडे होते.

"बेस बोलल्या," त्या म्हणाल्या. "सारे आयकले. पन जिनं आयकाले पायजे होतं, ते तं मेली. सासू मले तशीच समजून गेली, मॅडम. तिले आता कोन सांगन?"

दुपारी त्यांनी मला जेवायला ठेवून घेतलं. भात, वरण, लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी. चाटूने भात वाढत त्या म्हणाल्या, "तो फोटो हाये का मोबाईलमंदी? दाखवा." मी पूर्ण, न कापलेला फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून बराच वेळ पाहिला. मुलींच्या चेहऱ्यांवरून बोट फिरवलं, नवऱ्यावर थांबल्या. मग म्हणाल्या, "याच्यात मी कोठी हावो?"

त्या नव्हत्या. चुलीपाशी असतील. ज्या बाईबद्दल मी बारा वर्षं गावोगाव बोलले, तिचा माझ्याकडे एक फोटोसुद्धा नव्हता. "काढू का आता?" मी विचारलं.

"नोको," त्या म्हणाल्या आणि अजून एक चाटू भात वाढला.

गोंदिया

पाचव्या दिवशी आम्ही सगळे गोंदियाला गेलो. हिरालालभाऊ, ललिता, धाकटी बहीण, कान्हा, आणि सुरतनबाई. मधली बहीण बाळंतपणाच्या तोंडावर होती, ती नंतर जाणार होती. तिच्या पोटातल्या बाळाचा विचार माझ्या मनात आला, सगळ्यांच्याच आला असेल. धाकटी चौदा वर्षांची. तिच्यासाठी औषधाचा थोडाफार उपयोग होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. थोडाफार हा शब्द तिला सांगताना मला जड गेला. तिने विचारलं, "उंची वाढन का?" मी म्हणाले, मला माहीत नाही. हे उत्तर मी उतारवयात शिकले.

रक्त तपासणीच्या ठिकाणी काउंटरवरच्या माणसाने हिंदीत विचारलं, "बच्चा किसका है?" ललिता पुढे व्हायच्या आत सुरतनबाई म्हणाल्या, "हमारा." सुई टोचताना कान्हाने सगळी प्रयोगशाळा डोक्यावर घेतली. त्यांनी त्याला मांडीत घट्ट धरलं होतं आणि त्याच्या कानात पोवारीत काहीतरी पुटपुटत होत्या. मला शब्द कळले नाहीत. निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला अडवलं नाही आणि आशीर्वादही दिला नाही. गाडीत खायला म्हणून चिल्यांची पुरचुंडी मात्र हातात ठेवली.

कराड

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे मी ते चित्र प्रशिक्षणाच्या संचातून काढून टाकलं. पण बारा वर्षांत ते किती जणांनी माझ्याकडून घेतलं, त्याला गणती नाही. परवाच एका नव्या कार्यकर्तीने तो फोटो मला पाठवला आणि विचारलं, "ताई, उद्या वापरू का? फार परिणामकारक आहे." मी तिला फोन केला, अर्धा तास बोलले. ती वापरणार नाही. बाकीच्यांना कुठे शोधू?

रक्ताचे अहवाल डॉक्टरीणबाईंनी पाहिले. त्यांना वाटत होतं तेच निघालं, बापाचं, लेकींचं आणि कान्हाचं. कान्हाचं औषध सुरू झालं. गेल्या आठवड्यात ललिताचा फोन आला होता. औषध पाण्यात कालवून दिवसातून पाच वेळा पाजायचं, चव खारट, पोरगं थुंकतं. म्हणून सहा महिने ती आईकडेच राहायला आलीय.

"पाजतं कोण?" मी विचारलं.

"आईच पाजते. दुसऱ्याले चमच्याले हात लावू देत नाही." मग म्हणाली, "पन मॅडम, तिनं एक नवीनच केल्लं. चुलीमांगच्या भितीवर कोळशानं रेघा मारते. दर वेळी पाजलं का एक रेघ. दिवसाच्या पाच. म्हनलं, आई, हे कायले? तं म्हनते, राहू दे. उद्या कोनी मॅडम आली आनि म्हनली का देल्लं नाही, तं दाखवाले पायजे."